शशीताई पायीच जायच्या

शशीताई ओगावांच्या घरून आमच्या घरी यायला सहा मिनिटं लागायची. पण त्यांच्याकडे चहा पिऊन निघालं की पाऊण तास. कारण त्या पोचवायला यायच्या. कोपऱ्यापर्यंत येते म्हणून बूट घालायच्या आणि बोलता बोलता थेट आमच्या जिन्याशी. मग साठीची बाई एकटी कशी परत जाईल म्हणून मी त्यांच्याबरोबर अर्धी वाट जायचे. तिथं गोष्ट अर्धवट राहिलेली असायची, म्हणून त्या पुन्हा माझ्याबरोबर उलट फिरायच्या. अशा तीन-चार खेपा झाल्या की मगच चहा संपला असं त्या धरायच्या. आमचे हे, विलास, खिडकीतून बघत बसायचे. म्हणायचे, तुम्ही दोघी रस्त्याला इस्त्री करता का?

आम्ही जपानात कावासाकीला गेलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. विलास पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रं जोडायचे, तिथून त्यांना इकडे बोलावलं. मी सातवी पास. पुण्यातसुद्धा बसची पाटी वाचून चढायचं तर मला धीर गोळा करावा लागायचा, आणि इथं पाटीवरचं एक अक्षर ओळखीचं नाही. पहिले काही महिने घर, कोपऱ्यावरचं दुकान आणि कचरा ठेवायची जागा एवढाच माझा जपान होता. त्यातही कचऱ्याचे वार चुकायचे. एकदा भलत्याच दिवशी काचेच्या बरण्या ठेवल्या. तासाभरानं बेल वाजली. दारात एक बाई. पॅन्ट, विटका स्वेटर, पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हातात आमची कचऱ्याची पिशवी. आतल्या लोणच्याच्या बरणीवरची मराठी अक्षरं बघून त्यांनी घर हुडकलं होतं.

"बरण्या गुरुवारी गो," त्या म्हणाल्या.

घरच्यांखेरीज जपानात मला मराठीत कुणी बोललेलं पहिलं वाक्य ते. मी रडायलाच लागले. त्यांनी पिशवी आत ठेवली, माझ्या तीन वर्षांच्या अमोलला कडेवर घेतलं, त्याच्या मोठ्या बहिणीचं, रूपालीचं, बोट धरलं आणि म्हणाल्या, चल, दोन पावलं चालून येऊ. त्यांची दोन पावलं म्हणजे नदीपर्यंत.

शशीताई मूळ वेंगुर्ल्याकडच्या, रेडीच्या. तिथून लोखंडाची माती जहाजात भरून जपानला जायची, आणि ती तपासायला एक जपानी माणूस बंदरावर येऊन राहिला होता. ते ओगावा. त्यांचं लग्न कसं जमलं हे शशीताई सांगायच्या तेव्हा त्यात प्रेमाचा शब्द नसायचा, सगळा चालण्याचा असायचा. लहानपणापासून त्यांच्या पायांना स्वस्थता नव्हती. पण गावात बाईमाणसानं नुसतं चालायचं तर लोक विचारणार, खंय चललंस? विहिरीवर, शेतात, देवळात, काहीतरी उत्तर हवं. म्हणून त्या कळशी घेऊन निघायच्या. कळशी दिसली की कुणी विचारत नाही. संध्याकाळभर समुद्राच्या वाटेनं रिकामी कळशी कडेवर घेऊन फिरायच्या आणि परतताना विहिरीवर भरून घरी आणायच्या. ओगावा हासुद्धा विनाकारण चालणारा माणूस. काम संपलं की धक्क्यावरून निघायचा आणि अंधार पडेपर्यंत फिरायचा. गावानं त्याला वेडा ठरवून टाकलं होतं. एका संध्याकाळी त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत शशीताईंना विचारलं, विहीर त्या बाजूला आहे, तुम्ही रोज या बाजूला का जाता?

"इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं," शशीताई म्हणायच्या. "म्हटलं, याच्याबरोबर जावं."

लग्नानंतर तीस वर्षं ते दोघं चालले. ते पुढं, या मागं. ओगावासान बोलायचे कमी, पण प्रत्येक वळणावर थांबायचे, या दिसेपर्यंत. आम्ही गेलो त्याच्या दोन वर्षं आधी ते वारले होते. एकुलता मुलगा केन्जी क्योतोला विद्यापीठात संशोधन करत होता. आई मराठीत बोलायची, तो जपानीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. तो गावभर सायकलवर फिरतो हे मात्र शशीताई खालच्या आवाजात सांगायच्या, मुलानं काही व्यसन धरलं असावं तशा.

त्यांचं अंतर मोजायचं मापही वेगळं होतं. किलोमीटर त्या बोलायच्या नाहीत. नदी म्हणजे पेजेचं अंतर, पेज पिऊन निघालं की पोचेपर्यंत जिरते. पुढचं शहर भाकरीचं. त्याहून लांब ते पोटभर जेवणाचं. एकदा विलासनी गमतीनं विचारलं, ताई, मग रेडी किती? त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ हिशेब करून म्हणाल्या, "एका घरचं सगळं धान्य."

आमच्या वस्तीच्या मागून एक जुना रस्ता जायचा. आता त्यावर दुकानं आणि सिग्नल, पण शेकडो वर्षं हाच तोक्योहून क्योतोला जायचा पायी रस्ता होता. कावासाकी त्यावरचं मुक्कामाचं गाव. सरदारांचे ताफे, यात्रेकरू, व्यापारी, टपाल घेऊन धावणारे, सगळे नदी उतरायच्या आधी किंवा उतरल्यावर इथं थांबायचे आणि गवती चपला बदलायचे. दर कोसाला मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावायचे, म्हणजे किती चाललो ते कळावं आणि सावलीही मिळावी. हे सगळं मला शशीताईंनी सांगितलं. ओगावासान गेले तेव्हापासून त्या हाच रस्ता चालत होत्या, आपल्या दारापासून क्योतोतल्या केन्जीच्या दारापर्यंत, पण तुकड्यातुकड्यानं. वसंतात तीन दिवस, शरदात तीन दिवस. जिथं थांबल्या तिथवर पुढच्या खेपेला आगगाडीनं जायचं आणि तिथूनच पुढचं पाऊल टाकायचं. एक पाऊलही सोडायचं नाही. एकदा पावसामुळं एका पुलाच्या मध्यावर त्या थांबल्या होत्या. सहा महिन्यांनी परत त्या पुलाच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून निघाल्या.

आमच्याकडे पायी जातो तो गाडी नसलेला. माझे वडील आयुष्यभर चालले आणि आयुष्यभर त्यांना त्याची लाज वाटली. इथं ही बाई बसचा पास असूनसुद्धा चालत होती, आणि लोक तिला वाकून नमस्कार करत होते. मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

आता माझ्या भीतीची गोष्ट सांगते, कारण शशीताई मला खऱ्या कळल्या त्या तिच्यामुळं.

रूपाली सहा वर्षांची झाली आणि एप्रिलमध्ये पहिलीत गेली. शाळेचा कागद आला. विलासनी कामावर कुणाकडून तरी वाचून घेतला आणि मला सांगितला. मुलांना आईबापांनी पोचवायचं नाही. गाडीनं नाही, सायकलनं नाही. वस्तीतली मुलं सकाळी बागेच्या फाटकाशी जमतील आणि ओळीनं चालत जातील. पुढं सहावीतलं मूल, मध्ये लहानगी, शेवटी पाचवीतलं. आमच्या ओळीत रूपाली धरून नऊ मुलं. पुढारी मियुकी नावाची, बारा वर्षांची, दोन वेण्यांची पोर. शाळा वीस मिनिटांवर, मध्ये मोठा रस्ता. मला वाटलं हे समजण्यात चुकले. मोठी माणसं कुठं असतात, मी विचारलं. रस्ता ओलांडायच्या जागी कुणीतरी पिवळा झेंडा घेऊन उभं असतं, बस्स. आमच्या मुलांच्या वाटेवर तो झेंडा रोज शशीताईंच्या हातात असायचा.

माझं मन काही केल्या घेईना. पहिल्या दिवसापासून मी ओळीच्या मागं जाऊ लागले. अमोल कडेवर, आणि मी विजेच्या खांबाआड, टोफूवाल्याच्या पडद्याआड, शीतपेयाच्या यंत्राआड. मला वाटायचं कुणाला दिसत नाही. तीन आठवडे असं चाललं. मग एक दिवस शशीताई झेंडा गुंडाळून माझ्याबरोबर परत चालू लागल्या आणि सहज म्हणाल्या, मियुकी काल विचारत होती, रूपालीच्या आईला ओळीत नेमकं कुठं उभं करायचं. मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की पोरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कडेवर मूल घेऊन मला चालवत नाही म्हणून मियुकी मुद्दाम ओळ हळू न्यायची. दर वळणावर मागं बघून मी येते आहे ना, याची खात्री करायची. शाळेत रोज दोन मिनिटं उशीर होत होता.

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "पोचवायला जायची रीत असते गो. वेशीपर्यंत. वेशीच्या पुढं गेलं की ते पोचवणं नाही, पाठलाग."

मी म्हटलं, तुम्ही तर मला पार जिन्यापर्यंत येता. त्या म्हणाल्या, तुझी वेस अजून जिन्यातच आहे, मी काय करू.

मग त्यांनी माझी वेस आखून दिली. पहिला आठवडा टोफूवाल्यापर्यंत, दुसरा आठवडा टपालपेटीपर्यंत, मग बागेच्या फाटकापर्यंत. मी पाळलं. फाटकाशी उभी राहून मी ओळ वळेपर्यंत बघायचे आणि घरी येऊन वीस मिनिटं घड्याळासमोर बसायचे. पण पाळलं.

जूनमध्ये एका सकाळी पाऊस कोसळत होता. रूपालीला आदल्या दिवशी शिंका आल्या होत्या. मी सायकल काढली, तिला मागं बसवलं, अमोलला पुढं, एका हातात छत्री धरली आणि दुसऱ्या वाटेनं तिला शाळेच्या फाटकाशी सोडलं. एक दिवस तर आहे. एक मूल आलं नाही तर बाकीची पुढं जातील, असंच मला वाटलं. आमच्या गावात तसंच असायचं. आली तर आली, नाही तर नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मियुकी आणि तिची आई, दोघी कमरेतून वाकलेल्या. मियुकी काहीतरी बोलत होती आणि रडत होती. मला एवढंच कळलं की तक्रार घेऊन आल्यात. मी घाबरून शशीताईंना फोन केला. त्या सहा मिनिटांत आल्या, त्या दिवशी बहुतेक चार. मियुकीचं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं. तक्रार नव्हती. ती पोर माफी मागायला आली होती. सकाळी रूपाली आली नाही म्हणून आठही मुलं पावसात फाटकाशी उभी राहिली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मूल न मोजता ओळ निघत नाही. इकडे ओळ येत नाही म्हणून शशीताई चौकातून उलट चालत आल्या, त्यांना बघितलं, आमची बेल वाजवून गेल्या आणि मुलांना पुढं धाडलं. सगळी भिजून उशिरा पोचली. आणि आता मियुकी म्हणत होती की रूपाली कुठं आहे हे माहीत नसताना मी तिला सोडून निघाले, माझं चुकलं.

बारा वर्षांची पोर. मी तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच म्हणत राहिले, माझं चुकलं बाळा, माझं चुकलं. शेंगदाण्याचे लाडू होते ते रुमालात बांधून दिले. त्या गेल्या.

मग मी शशीताईंना कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तासाभराच्या वाटेवर, ओढा ओलांडून. मी आणि माझी मैत्रीण मंगल दोघी जाणार होतो. उन्हाळ्यात मंगलचं लग्न झालं. एकट्या मुलीला कोण सोडणार? वडील म्हणाले, सोबत मिळाली की जा. सोबत काही मिळाली नाही. हुशार होते की नव्हते, ते कळायचंच राहून गेलं.

शशीताईंना चालल्याशिवाय विचार करता यायचा नाही, म्हणून आमच्या त्या दीड खोलीत उठून येरझाऱ्या घालू लागल्या. मग थांबल्या.

"म्हणजे तुझी शाळा सोबत नाही म्हणून सुटली," त्या म्हणाल्या. "आणि पोरीला आठ जणांची सोबत मिळाली, तर तू तिला त्यातून उचलून सायकलवर घातलंस."

रागावून नाही बोलल्या. नुसतं समोर ठेवलं. त्या दिवशी त्यांना पोचवायला मी गेले आणि त्या मला परत पोचवायला आल्या नाहीत.

सप्टेंबरात शाळा पुन्हा उघडली तेव्हा त्यांनी मला झेंडा दिला. माझे गुडघे आता कुरकुरतात, मंगळवार आणि शुक्रवार तुझे, म्हणाल्या. गुडघे ठणठणीत होते, त्याच महिन्यात त्या चहाच्या मळ्यांतला दगडी चढ चढून आल्या होत्या. मी म्हटलं मला भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, झेंड्याला कुठं येते? झेंड्याबरोबर एक वही असायची, घरोघर फिरणारी, ज्याची पाळी त्यानं सकाळ कशी गेली ते लिहायचं. मी म्हटलं मला लिहिता येत नाही. मराठीत लिही, त्या म्हणाल्या. मी लिहिलं, सगळी मुलं नीट गेली. पुढच्या खेपेला बघते तर माझ्या ओळीखाली मियुकीच्या आईनं ती अक्षरं एकेक करून चित्रासारखी उतरवून काढली होती. सातवीनंतर माझ्या अक्षराकडे कुणी एवढ्या निगुतीनं बघितलं नव्हतं.

झेंडा धरायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी रूपालीकडे बघत राहिले तर मनगटावर चापट बसली. मुलांकडे बघायचं नाही, मुलं येतातच. गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं, त्यानं तुझ्याकडे बघितलं की मगच झेंडा आडवा धरायचा, आणि शेवटचं मूल पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत नजर काढायची नाही. तुझं मूल कुठलं हे गाडीवाल्याला कळता कामा नये, असं त्या म्हणायच्या.

मला जमायला लागलं. किती बरं वाटायचं ते सांगता येत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी कुणीतरी असायचे. हळूहळू घड्याळासमोर बसणंही सुटलं. त्या वेळात मी चालू लागले, आधी पेजेचं अंतर, मग भाकरीचं. पाट्या वाचता यायला लागल्या त्या चालूनच. जे अक्षर रोज त्याच दुकानावर दिसतं ते आपोआप ओळखीचं होतं.

दोन वर्षांनी, शरदात, शशीताई क्योतोला पोचल्या. शेवटचा दिवस कसा होता विचारलं तर म्हणाल्या, रस्ता संपतो तो पूल आला, पुलावर खूप बसगाड्या होत्या, आणि केन्जी सायकल हातात धरून उभा होता, बसला नव्हता. एवढंच. पुढच्या वसंतात त्यांनी तिकडेच राहायला जायचं ठरलं. केन्जीला मूल होणार होतं. सामान टेम्पोनं गेलं. त्या स्वतः निघणार होत्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी, स्टेशनपर्यंत अर्थातच पायी.

त्या महिन्यात अमोल पहिलीत गेला होता. रूपाली चौथीत. आणि शुक्रवार माझा. मी म्हटलं पाळी बदलून घेते, स्टेशनवर येते. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "पाळी आहे ना? मग उभी राहा. मला वाट माहीत आहे."

त्या सकाळी मी चौकात उभी होते. सात चाळीसला त्या गल्लीतून येताना दिसल्या. पाठीवर पिशवी, पांढरे बूट, कुंकू. कडेला येऊन पहिलीतल्या मुलासारख्या थांबल्या. मी गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघितलं, झेंडा आडवा धरला. इथल्या मुलांना रस्ता ओलांडताना हात उंच करायला शिकवतात, लहान मूल गाडीतल्याला दिसावं म्हणून. शशीताईंनी उजवा हात सरळ डोक्यावर उंच केला आणि तसाच धरून, घाई न करता, ओलांडून गेल्या. माझ्या शेजारून जाताना मुलं म्हणतात तेच म्हणाल्या, येते. मी नजर काढू शकत नव्हते, समोर मालट्रक होता. मी म्हटलं, या.

त्या पलीकडच्या फुटपाथवर चढल्या एवढं मी पाहिलं. वळून काही सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर मागून मुलांचे आवाज आले. ओळ आली होती. मी पुन्हा मालट्रकवाल्याकडे बघितलं, झेंडा धरला, मोजलं. आठ, नऊ, दहा. शेवटचं पाऊल फुटपाथवर चढलं, ट्रकवाल्यानं मान हलवली, मी झेंडा खाली घेतला. शशीताई गेल्या त्या बाजूला बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, त्या दहांत अमोलही होता. कधी गेला, मी पाहिलंच नव्हतं.